मालाईची मागची खोली

९ जानेवारी

पुन्हा तोच धडधडाट. पौर्णिमेची पार्टी अजून लांब आहे, तरी किनाऱ्यावर रोज स्पीकर लावून सराव. आवाज कानांनी ऐकू येत नाही, गादीतून पाठीत शिरतो. एके काळी मी त्यावर उजाडेपर्यंत नाचायचे. आता कानांत कापूस घालून पीठ मळते.

सकाळी पाव घ्यायला एक नवी मुलगी आली. अमाया म्हणे. मूळचं नाव झबीने, म्युनिकची – हे तिच्याबरोबरच्या मुलानं सांगितलं, ती स्कूटर सुरू करत होती तेव्हा. बेटावर येऊन महिनाही झाला नसेल. दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणाली, "या बेटानं मला बोलावून घेतलं. मी घरी आलेय."

मी विचारलं, "राय-पिठाचा देऊ की साधा?"

जरा दुखावली. पण मी तरी काय बोलणार? दर हिवाळ्यात हे बेट कुणाकुणाला बोलावतं आणि मे महिन्यात उकाडा वाढला की सोडून देतं. जाताना सगळे मिठ्या मारतात, रडतात, मला अर्धवट सनस्क्रीनच्या बाटल्या आणि मांजरी देऊन जातात. पुढच्या हिवाळ्यात नवे येतात. त्यांनाही तेच सगळं पहिल्यापासून सांगायचं – मी इल्दिको, हंगेरीची, हो, खूप वर्षं झाली, नाही, कंटाळा येत नाही.

कंटाळा येतो. आज लिहूनच टाकते.

गाबोरचा परवा फोन आला होता. सेगेदचं आईचं घर रिकामं झालंय, भाडेकरू गेले. "विकू की तू येतेस?" भाऊ असंच विचारतो, बाजारातून काय आणू विचारावं तसं.

मी ठरवलंय. सोंगक्रान होऊ दे, थाई नव्या वर्षाचं पाणी अंगावर पडू दे, मग जायचं. कायमचं. अजून कुणाला बोलले नाही. घरमालकीण मालाईला तर नाहीच.

१२ जानेवारी

वीज नाही. पाव नाही. झोपले.

१६ जानेवारी

फर्गस नेहमीसारखा आला, नेहमीच्या बाकावर बसला, नेहमीसारखा माझा पाव खाऊन म्हणाला, "अगं, तुझ्या पावानं आज माझा दात हलला."

पांढरी वेणी, अनवाणी पाय, अंगात कुणीतरी टाकून दिलेला शर्ट. इथले तरुण त्याला देव मानतात. शुक्रवारी श्रीथानूच्या बारमध्ये तो जुन्या तबकड्या लावतो आणि ज्यांचे आईबापसुद्धा त्या निघाल्या तेव्हा जन्मले नसतील अशी पोरं डोळे मिटून डोलतात. तो इथे आला तेव्हा या किनाऱ्यावर वीज नव्हती. स्कॉटलंडमधून एक ट्रंक भरून तबकड्या घेऊन आला, आणि त्या वाजवायला काही नव्हतं. हे तो स्वतःच सांगतो, दर वेळी थोडं वाढवून.

एक पावसाळा आम्ही एकत्र राहिलो होतो. नंतर मी माझं अंथरूण उचलून मालाईच्या खाणावळीवरच्या खोलीत आले, ती आजतागायत. भांडण नव्हतं. त्याला सकाळी कुणी बोललेलं चालत नसे आणि मला रात्री कुणी बोललेलं. एवढंच.

आज तो फ्रेंच सुताराबद्दल बोलत होता, जो गेल्या महिन्यात गाशा गुंडाळून परत गेला. "पळाला," म्हणाला. "म्हातारपणाची भीती वाटली की सगळे आईच्या देशात पळतात. तू आणि मी नाही पळणार. आपण इथेच मरणार, उन्हात."

मी बशा उचलल्या.

मालाई आतून म्हणाली, "आधी तो स्पीकर मरू दे. मग तुझं बघू."

तिचा नवरा आजारी होता तेव्हा ती एकदा काठी घेऊन फर्गसच्या झोपडीवर गेली होती. स्पीकर फोडला नाही, वायर कापली. त्यानंतर दोघं फारसं बोलत नाहीत. पाव मात्र तो इथलाच खातो.

२२ जानेवारी

फर्गसला झटका आला.

सकाळचीच वेळ. कप हातातून सुटला. मी म्हटलं, सांभाळ. तो काहीतरी म्हणाला आणि ते शब्द नव्हते. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, मेणबत्तीसारखी. त्याला स्वतःला कळत नव्हतं. तो माझ्याकडे असा बघत होता की जणू चुकीचं मीच काहीतरी बोललेय.

मालाई भाजी चिरत होती, तशीच उठली. पिकअप दारात आणली. आम्ही दोघींनी त्याला मागे चढवला. मालाई मला म्हणाली, "बोलत राहा. काय वाट्टेल ते बोल, झोपू देऊ नकोस." धक्क्यावर बोटवाल्यांनी त्याला ओळखलं. "गसकाका, काय झालं?" करत एकानं सरळ पाठीवर घेतला.

समुद्र पार होईपर्यंत मी हंगेरियनमध्ये बोलत होते. दुसरं काही सुचलंच नाही. त्याला एक अक्षर येत नाही.

२३ जानेवारी

जिवंत आहे. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं.

२७ जानेवारी

दवाखान्यात विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, शेजारीण. नर्सनं बायको लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही. बायको असली की आत सोडतात.

त्याला एकच शब्द नीट येतो. "नको." पाणी हवं असलं तरी नको, उशी हवी असली तरी नको. वेगवेगळ्या सुरांत. मी आता सूर ओळखायला लागलेय.

बेटावरून निरोपांवर निरोप. सगळ्यांनी त्याचे फोटो टाकलेत, खाली हृदयं. कुणीतरी लिहिलंय, "फर्गस हा माणूस नाही, फर्गस ही एक लाट आहे." बोट पकडून बघायला मात्र कोणी आलं नाही. समुद्र खवळलेला असतो म्हणे.

५ फेब्रुवारी

आज त्याला परत आणलं. पण आणून ठेवायचं कुठे? त्याची झोपडी टेकडीवर, वर जायला दगडी पायऱ्या. मी चार ठिकाणी विचारून आले. प्रत्येकाकडे जागा होती आणि प्रत्येकाकडे नव्हती. एकाकडे मौनाचं शिबिर, एकीकडे कुत्री. एक जण तर म्हणाला, "आमच्या घराचा स्पंदनांचा समतोल सध्या नाजूक आहे."

परत आले तर मालाईनं मागची खोली रिकामी केलेली. तांदळाची पोती, बंद पडलेला फ्रिज, नवऱ्याची मासे पकडायची जाळी – सगळं अंगणात. फरशी धुतलेली. मधोमध खाट.

मी म्हटलं, "ताई, किती दिवस राहील काही सांगता येत नाही."

"मी विचारलं का?"

"तुझं आणि त्याचं तर पटत नाही."

"पटायला काय, मी लग्न करतेय का त्याच्याशी?" पोतं ओढत म्हणाली. "दुसरीकडे कुठे जाईल तो? धर हे दुसरं टोक."

९ फेब्रुवारी

आता रांग लागलीय. अमायानं पाळ्या लावून दिल्यात. एक जण घंटा घेऊन आला आणि फर्गसच्या पायाशी बसून ती वाजवत राहिला. एकीनं त्याच्या पोटावर रंगीत खडे मांडले. एक मुलगा गाणं म्हणत इतका रडला की त्यालाच पाणी द्यावं लागलं.

चादर कुणी बदलली नाही. ओली चादर दिसत असते, वास येत असतो. ते खिडकीकडे तोंड करून खोल श्वास घेतात.

संध्याकाळी मी आणि मालाईनं त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, डायपर बदललं. तो डोळे मिटून घेतो. अशा वेळी कोणी डोळे मिटले तर त्याच्याकडे बघू नये, एवढं मी शिकलेय.

मालाई बादली उचलताना म्हणाली, "तुमचे लोक रडतात छान. धुवायला कोण आहे त्यांच्यात?"

तुमचे लोक. 

१५ फेब्रुवारी

आज "फर्गससाठी नाच" झाला. किनाऱ्यावर, सूर्य बुडायच्या आधी. त्याच्या देहात शक्ती पाठवायची होती सगळ्यांना. मी नको म्हणत होते. अमाया म्हणाली, "तू फार भीतीतून जगतेस, इल्दी."

त्याला खुर्चीत घालून वाळूवर नेलं. गळ्यात फुलांचा हार. त्याच्याच तबकड्या लावल्या होत्या आणि स्पीकर अगदी त्याच्या बाजूला. पोरं-पोरी त्याच्याभोवती फेर धरून नाचत होती. चेहऱ्यावर रंग, पायांत घुंगरं. छान दिसत होती, खोटं का बोलू.

फर्गस "नको" म्हणत होता. मला ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसत होते. नको, नको, नको. डोळ्यांतून धारा.

"बघ, किती आनंद झालाय त्याला!" अमाया माझ्या कानात ओरडली.

मी पुढे जाणार तेवढ्यात गर्दीतून मालाई आली. स्वयंपाकाचा एप्रन तसाच. तिनं कुणाला काही विचारलं नाही. खुर्ची वळवली आणि वाळूतून ढकलायला लागली. चाकं रुतत होती. मी दुसरी बाजू धरली. आमच्या मागे नाच चालूच राहिला – मधे खुर्ची नाही हे लक्षात यायला त्यांना बराच वेळ लागला असावा.

घरी आल्यावर तिनं त्याला पेज भरवली. "काय रे म्हाताऱ्या, वायर पुन्हा कापू का?"

तो हसला. अर्ध्या तोंडानं, पण खरंच हसला. मी किती दिवसांनी ते ऐकलं.

२२ फेब्रुवारी

आज पाळीला कोणी आलं नाही. कालही नाही. अमायाचा निरोप – तिला सध्या स्वतःच्या सीमा जपायच्या आहेत.

१ मार्च

पाठ गेलीय. उठताना खाटेचा कठडा धरते, त्याच्यासारखीच.

दिवस असा – पीठ, भट्टी, पाव, फर्गस, पेज, फर्गस, धुणं, फर्गस. मालाई निम्मं करते, पण तिची खाणावळही आहे. त्याचा राग दिवसेंदिवस वाढतोय. डावा हात चालतो, त्या हातानं चमचा फेकतो. मला मारत नाही, भिंतीला मारतो. मग माझ्याकडे बघतो. त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं आणि ते कळणं मला नको असतं.

गडबडीत पावाचं आंबवण मेलं. बरणी उघडली तर काळी बुरशी. किती वर्षं जपलेलं. हंगेरीला आईच्या अंत्यविधीला गेले होते तेव्हासुद्धा मालाईनं त्याला रोज पीठ घातलं होतं. मी बरणी घेऊन मागच्या पायरीवर बसले आणि रडले. फर्गससाठी अजून रडलेले नाही. पिठासाठी रडले.

पुन्हा धरता येईल. पण कशाला? विकतच्या यीस्टवर भागेल. सोंगक्रानला किती दिवस राहिलेत?

आणि हा असा असताना मी जाणार कशी, हेही आलंच. मी गेले तर सगळं मालाईवर. मालाई त्याची कोण? मी त्याची कोण? एक पावसाळा.

४ मार्च

त्याच्या मुलाला फोन लावला. कॅलम. स्कॉटलंडमध्ये, डंडीला बस चालवतो. फर्गस घर सोडून आला तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. दर नाताळला त्याचा एक फोन येतो आणि फर्गस समुद्राकडे तोंड करून दोन मिनिटं बोलतो. नंबर फर्गसच्या फोनमध्येच होता.

मी सगळं सांगितलं.  मी म्हटलं, "ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "मी येतो. काय आणू? त्यांना मोजे लागतील का?"

"मोजे? इथे?"

"नाही, म्हणजे – काय आणायचं असतं मला माहीत नाही."

नंतर फर्गसला सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलणार नाही असं मी ठरवलं होतं. त्यानं चमचा फेकला, कप फेकला. "नको." हा नको मला नवा होता. रात्री जेवला नाही.

मालाई फक्त म्हणाली, "मुलगा आहे. यायलाच पाहिजे." आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी मुलाला का बोलावलं ते तिला कळलं असेल का? मला इथून मोकळं व्हायचंय. हे तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं असेल तर वाचू दे.

१२ मार्च

कॅलम आला. बूट, मोजे, उन्हानं लाल झालेली मान. रागावलेला असेल, जाब विचारेल असं मी धरून चालले होते. तो धक्क्यावर उतरला आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन म्हणाला, "तुम्ही दमलेल्या दिसता."

मागच्या खोलीत गेला. मी दारातच थांबले. फर्गसनं मान वळवली. मी त्या 'नको'ची वाट बघत होते.

फर्गस हसायला लागला. नुसता हसत सुटला. कॅलम खाटेवर बसला आणि त्यालाही हसू यायला लागलं. कशावर हसत होते देव जाणे. मग कॅलमनं बाबांचा लुळा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, तिथेच ठेवायचा असतो तसा.

१४ मार्च

आज मी भट्टीशी असताना कॅलम येऊन बसला. एक पाव मोडून खाल्ला. मग विचारलं, "कसे होते ते?"

हे सांगणं सोपं नव्हतं. मी ट्रंकेची गोष्ट सांगितली. वीज नसताना तबकड्या हातात धरून गाणी तोंडानं म्हणून दाखवायचा ते सांगितलं. वादळात छप्पर उडालं तेव्हा सगळ्या किनाऱ्याला त्यानं आपल्या झोपडीत घेतलं होतं, तेही. सकाळी कुणी बोललेलं चालत नाही, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "माझंही तसंच आहे."

मग म्हणाला, "गंमत आहे. मला ते मोठे वाटायचे. म्हणजे आकारानं. लहानपणापासून मी एका फार मोठ्या माणसावर रागावत आलो. आणि काल त्यांना उचललं तर किती हलके."

"घेऊन जाणार?"

"त्यांना यायचं असेल तर. माझी बायको हो म्हणालीय. खालचीच खोली आहे."

"ते नाही म्हणतील," मी म्हटलं. "इथे मरायचंय त्यांना. उन्हात."

कॅलमनं त्याला विचारलं. माझ्यासमोरच. हळू, शब्द सुटे करून. "बाबा, घरी यायचं? डंडीला? थंडी आहे. पाऊस आहे."

फर्गसनं मान हलवली. हो. पुन्हा हो. लहान मुलाला जत्रेला येतोस का विचारल्यावर हलवतं तशी.

एका क्षणात. एवढ्या वर्षांची ती सगळी भाषणं – पळाला, पळपुटे, तू आणि मी नाही. मी स्वयंपाकघरात आले आणि पीठ मळत राहिले, जरुरीपेक्षा बराच वेळ.

१९ मार्च

गेला.

धक्क्यावर अमाया आणि मंडळी ढोल घेऊन हजर. वाजवायला लागले. कॅलम त्यांच्याजवळ गेला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "जरा थांबाल का? त्यांचं डोकं दुखतं." ते थांबले. इतक्या वर्षांत या बेटावर असं कुणी म्हटलंच नव्हतं की काय?

मालाईनं डब्यात पेज दिली. त्याची वेणी सकाळी तिनेच घातली होती. त्याच्या गालावर चापट मारल्यासारखं करून म्हणाली, "जा म्हाताऱ्या. तिकडे कुणाला झोपू देऊ नकोस."

मी वाकून त्याला जवळ घेतलं. त्यानं माझा वास घेतला, पावाचा वास येतो मला. पण डोळे बोटीकडे होते. दोरखंड, शिड्या, खलाशी – सगळं बघत होता. वर गेल्यावर डावा हात हलवला. मी हलवला. मग कळलं, तो खलाशाला हात करत होता.

बोट गेली. मी हात खाली घेतला. कॅलमनं लांबून मान लववली, तेवढी मला होती.

२१ मार्च

झोपडी रिकामी करायला गेले. तबकड्या दमटपणानं वाकड्या झालेल्या, बशांसारख्या. मालक खिडकीला रंग लावत होता. नवं जोडपं बाहेर वाट बघत उभं होतं, कुठल्याशा थंड देशातलं, गुलाबी.

"इथे काय वेगळंच वाटतं नाही?" मुलगी म्हणाली. "कोण राहायचं?"

मी म्हटलं, "एका बस ड्रायव्हरचे वडील."

२८ मार्च

तिकीट काढलं. एकेरी, सोंगक्राननंतरचं. मग मालाईला सांगायला गेले. हात धुवून गेले, का कुणास ठाऊक.

ती मिरच्यांची देठं काढत होती. मी म्हटलं, "ताई, मी परत जातेय. सेगेदला. कायमची."

देठं काढत राहिली.

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

"विमानात थंडी असते," ती म्हणाली. "शाल घे."

संपलं. बास. एवढ्या वर्षांनंतर – शाल घे.

३१ मार्च

मालाई बोलत नाही. जेवायला हाक मारत नाही. ताट झाकून पायरीवर ठेवते. मीही भुकेली असते, म्हणून खाते.

५ एप्रिल

आज माझा तोल गेला. दुपारी, खाणावळ रिकामी असताना. मी म्हटलं, "ताई, मी तुझ्या डोक्यावरच्या खोलीत म्हातारी झाले. तू मला कधी एक प्रश्न विचारला नाहीस. माझी आई गेली तेव्हा नाही. आजही नाही. का चाललेय, कुठे चाललेय, काहीच नाही."

ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

"जाणाऱ्याला काय विचारायचं?"

"मी कुठे जात होते इतकी वर्षं?"

"आज ना उद्या जाणारच होतीस. फरांग, गोरी माणसं, जातात." पातेलं उलटं टाकलं. "आधी मी सगळ्यांची नावं पाठ करायचे. कुठला देश, आईबाप काय करतात, किती भावंडं. माझा नवरा हसायचा मला. रडून जायचे, पत्र लिहू म्हणायचे. मग मी सोडून दिलं. तुझं नाव केवढं लांब होतं. मी त्यातलं जमेल तेवढं ठेवलं. म्हटलं, गेलीस तर तेवढंच विसरावं लागेल."

ती मला डी म्हणते. तिच्या भाषेत डी म्हणजे चांगली. मी इतकी वर्षं समजत होते की तिला ते कौतुकानं सुचलं.

मी खाली बसले. तिथेच, ओल्या फरशीवर.

मग तीही बसली. एप्रनला हात पुसत म्हणाली, "तुला काय वाटतं, मी इथली आहे? मी ईसानची, देशाच्या पार वरच्या टोकाची. तिथे समुद्र नाही, भात आहे नुसता. लग्न करून आले तेव्हा सासू माझ्या हातचं खायची नाही. माझे दीर अजून मला 'ती लाओ' म्हणतात, पलीकडच्या देशातली. माझ्यासमोर. चाळीस वर्षं होत आली." नळ टपकत होता, तो उठून बंद केला. "आता विचारते. का चाललीस?"

 तयार उत्तरं होती – पाठ, आवाज, दर तीन महिन्यांनी व्हिसाच्या शिक्क्यासाठी रांगेत उभं राहणं, आईचं घर. 

"दमलेय," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "मीही."

संध्याकाळी तिनं जेवायला हाक मारली.

१४ एप्रिल

सोंगक्रान. रस्त्यावर पाण्याच्या बंदुका, पिंपं, आरडाओरडा. पिकअपवर उभ्या राहिलेल्या अमायानं मला बादलीभर पाण्यानं भिजवलं आणि म्हणाली, पुढच्या आठवड्यात ती बालीला चाललीय, तिथलं बेट बोलावतंय. मी तिला मिठी मारली. या वेळी मनापासून. तिच्यावर रागावण्याइतकीही ती इथे राहिली नाही, बिचारी.

घरी आले. दरवर्षीसारखं वाडग्यात पाणी घेतलं, मोगऱ्याची फुलं टाकली आणि मालाईच्या तळव्यांवर सोडलं. मोठ्यांच्या हातांवर असं पाणी घालून आशीर्वाद मागायचा असतो. एरवी ती भराभरा पुटपुटते – तब्येत राहो, धंदा चालो, डासांनी न चावो. या वर्षी नुसते ओले हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवले आणि आत गेली.

बॅग अजून भरलेली नाही.

१८ एप्रिल

सकाळी मालाईनं फोटो मागितला. वाटलं, व्हिसाच्या कार्यालयात द्यायचा असेल. पासपोर्टचा दिला. तिनं बघून परत केला. "हा नको. यात अटक झाल्यासारखी दिसतेस."

मग पिकअपमध्ये बसवून विहारात घेऊन गेली. मागच्या भिंतीत कोनाडे आहेत, गेलेल्या माणसांच्या अस्थी ठेवायचे. बाहेरून फोटो आणि नाव लावतात. तिच्या नवऱ्याचा कोनाडा सासरच्या ओळीत आहे. तिला त्या ओळीत जागा नाही. दुसऱ्या टोकाला, फणसाखाली, गवंडी एका नव्या कोनाड्याला गिलावा करत होता. फोटोसाठी दोन चौकटी. एकीत मालाई बसवलेली, पिवळ्या ब्लाउजमध्ये, केस नीट विंचरलेले.

मी दुसऱ्या चौकटीकडे बघत राहिले.

"पूर्ण नाव काय गं तुझं?" तिनं विचारलं. "गवंड्याला लिहून दे. मला येत नाही ते."

मी लिहून दिलं. 

"आता जाऊन ये, कुठे जायचं ते," ती म्हणाली. "फोटो मात्र हसरा काढ. लोकांना कायम बघायचाय."

तिकीट जाण्यायेण्याचं करून घेतलं.